जपानहून स्पोर्ट्स कार मागवणे: पंचवीस वर्षांची अट, एजंटची घाई आणि मेहुण्याचा सल्ला

फिरता_पाना (एडिसन, न्यू जर्सी) · १ मार्च, रात्री ११:४०

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

गाडी आहे निसान सिल्व्हिया एस१५, स्पेक आर. दोन लिटर टर्बो, सहा गियर, ताकद मागच्या चाकांना, २५० अश्वशक्ती. कॉम्प्युटरवरच्या रेसिंग गेममध्ये हीच गाडी पळवून मी बारावीचे मार्क घालवले होते. निसानने ही अमेरिकेत कधी विकलीच नाही. आता नोकरी बरी आहे, गॅरेज रिकामं आहे आणि सौ. "एकदाचं काय ते घे" म्हणालीय (लेखी घेतलेलं नाही).

जपानमधल्या एजंटने लिलावातली एक दाखवलीय. पहिली नोंदणी मे २००१. इथला नियम पंचवीस वर्षांचा. एजंट म्हणतो, "आत्ता बोटीवर चढवू, कस्टमवाले फक्त साल बघतात, २००१ म्हणजे झालीच." हे खरं का?

दुसरं म्हणजे चार-पाच वर्षांत पुण्याला परत जायचा विचार आहे. मेहुणा म्हणतो, "भारतात उजवं स्टिअरिंगच लागतं, म्हणजे गाडी तिकडेच जास्त शोभेल, सामानाबरोबर टाक." यावरही बोला.

---

खडखडाट · १ मार्च, रात्री ११:५२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

अण्णा_दक्षिणेचे · २ मार्च, सकाळी ७:१५

पानेसाहेब, त्या एजंटला आधी नारळ द्या.

कस्टमवाले साल बघत नाहीत, महिना बघतात. गाडी बनल्याच्या तारखेपासून पूर्ण पंचवीस वर्षं, आणि हे मोजायचं ती अमेरिकेत दाखल होते त्या दिवशी. एक आठवडा आधी बंदराला लागली तरी ती "नियमबाह्य वाहन". मग परत पाठवा, नाहीतर जप्ती. दोन्हींचा खर्च तुमचाच.

यात दोन वेगळी खाती आहेत आणि लोक इथेच घोळ घालतात. रस्ता-सुरक्षेवाल्या खात्याची, म्हणजे एनएचटीएसएची अट २५ वर्षांची. त्यांचा फॉर्म एचएस-७. प्रदूषणवाल्या ईपीएची अट २१ वर्षांची, फॉर्म ३५२०-१. पण ईपीएला इंजिन मूळचं किंवा त्याच तोडीचं लागतं. एस१५ म्हणजे ड्रिफ्टिंगच्या, म्हणजे गाडी मुद्दाम घसरवत वळवण्याच्या शर्यतींची लाडकी. निम्म्या गाड्यांत कुणीतरी काहीतरी बदललेलं असतंच. बॉनेट उघडून काढलेले फोटो मागवा.

आता माझा अनुभव. मी सहा वर्षांपूर्वी १९९२ ची होंडा बीट आणली. ६५६ सीसी, इंजिन पाठीमागे, ६४ अश्वशक्ती, आत मी बसलो की चप्पल बाहेर काढून ठेवावी लागते एवढीशी. बंदरावर सगळं सुरळीत. अडलं कुठे? आमच्या काउंटीच्या नोंदणी खिडकीवर. बाईंच्या कॉम्प्युटरला सतरा अक्षरी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख-नंबर हवा आणि जपानी देशी गाडीला तो नसतोच. तिला असतो चॅसी नंबर, आधी मोजकी अक्षरं, मधे आडवी रेघ, पुढे आकडे. बाई म्हणाल्या, "उरलेले आकडे कुठायत?" मी म्हटलं, "जन्मालाच आले नाहीत." चार खेटे झाले. शेवटी कस्टमचा ७५०१ नंबरचा एन्ट्री-कागद दाखवल्यावर सुपरवायझरने हाताने नोंद केली. तो कागद जिवापाड जपा. लग्नाचं सर्टिफिकेट हरवलं तर चालेल.

---

मीनल_के · २ मार्च, सकाळी ८:०३

अण्णा, ते शेवटचं वाक्य... वहिनी वाचतात का हा धागा? दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

---

यार्डातला_यशवंत (नवी मुंबई) · २ मार्च, सकाळी ८:३०

भारताबद्दल मी सांगतो, न्हावा शेव्याला क्लिअरिंग एजंटकडे नऊ वर्षं काढलीत. पण संध्याकाळी, सविस्तर. तोवर मेहुण्याचं ऐकून कंटेनर बुक करू नका एवढंच.

---

गोठलेला_गोडबोले (टोरांटोजवळ) · २ मार्च, सकाळी ९:१०

पंचवीस वर्षं? आमच्या कॅनडात पंधरा. एस१५ इथे २०१४ पासून येतेय. माझ्या शेजाऱ्याकडे आहे, थंडीचे पाच महिने ताडपत्रीखाली झोपते.

---

खडखडाट · २ मार्च, सकाळी ९:१४

मग पाने यांनी शेजाऱ्याची घ्यावी आणि नायगाऱ्यावरून चालवत न्यावी.

---

गोठलेला_गोडबोले · २ मार्च, सकाळी ९:३३

तिथेच मेख आहे. कॅनडाचा रहिवासी स्वतःची गाडी घेऊन अमेरिकेत फिरायला जाऊ शकतो, वर्षाच्या आत परत आणायची. पण ती तिथे विकता येत नाही, आणि अमेरिकेतल्या रहिवाशाने नेली तर पुन्हा तीच पंचवीसची अट. एकच गाडी, एकच रस्ता, मधे एक पूल. पुलाच्या अलीकडे कायदेशीर, पलीकडे गुन्हेगार.

---

सुरक्षित_अंतर · २ मार्च, दुपारी १२:२०

हा नियम सुरक्षेचा वगैरे काही नाही. ऐंशीच्या दशकात डॉलर वधारला होता. जर्मनीत मर्सिडीज घेऊन इथे आणली तरी इथल्या शोरूमपेक्षा स्वस्त पडायची. मोठ्या इंजिनाची ५००एसईएल काही वर्षं इथे कंपनी विकतच नव्हती, ३८० वर भागवा म्हणायची. लोकांनी बाहेरून आणल्या. डीलरांच्या पोटात दुखलं, कंपनीने वॉशिंग्टनला धरणं धरलं आणि १९८८ चा कायदा झाला. सुरक्षा हे निमित्त.

---

मीनल_के · २ मार्च, दुपारी १:०५

अर्धं सहमत. डीलरांचा हात होता हे खरं. पण त्या काळात गाड्या "अमेरिकन करून देतो" म्हणणाऱ्या गल्लीबोळातल्या गॅरेजांनी दारात पोकळ नळ्या घालून कागदावर मजबुतीचे दांडे दाखवले, हेही खरं. मी गाड्यांच्या चाचणीच्या क्षेत्रात काम करते म्हणून थोडं तांत्रिक.

युरोप, जपान वगैरे देश संयुक्त राष्ट्रांच्या १९५८ च्या करारात आहेत. सरकारी संस्था गाडी तपासून मान्यता देते आणि ती मान्यता एकमेकांकडे चालते. अमेरिका त्या करारात नाही. इथे कंपनी स्वतःच लिहून देते की आमची गाडी तुमच्या मानकांत बसते, आणि नाही बसली तर सरकार नंतर मानगूट धरतं. आता एस१५ साठी निसानने असं कधी लिहूनच दिलं नाही, कारण ती इथे विकायचीच नव्हती. मग तुम्ही एकटे ते कसं सिद्ध करणार? गाड्या भिंतीवर आपटून दाखवाव्या लागतील. एक गाडी चालवायला चार फोडा. पंचवीस वर्षांची अट म्हणजे "एवढ्या जुन्या किती उरल्या असतील, जाऊ द्या" अशी सूट आहे. ती शिक्षा समजू नका.

---

तिरका_टायर · २ मार्च, दुपारी १:४०

मीनलताई, असं आपटून दाखवणारे निघाले होते की! कॅलिफोर्नियातल्या मोटोरेक्सने नव्वदच्या दशकाअखेर निसानची स्कायलाइन आर३३ खरंच फोडून चाचण्या केल्या आणि मान्यता मिळवली. सरकारने त्याच आधारावर आर३२ आणि आर३४ लाही होकार दिला. लोकांनी घरं गहाण ठेवल्यासारखे पैसे मोजले. नंतर उघड झालं की चाचणीचा आधार फक्त काही वर्षांच्या आर३३ ला लागू पडतो, बाकीच्यांची बांधणी वेगळी. मान्यता आकसली, कंपनी बुडाली. हातात राहिलेल्या मोजक्या गाड्या आज "मोटोरेक्सवाल्या" म्हणून वेगळ्या भावाने जातात.

आर३४ जीटी-आर जानेवारी १९९९ पासून बनली, म्हणजे सरळ मार्गाने पहिली गाडी जानेवारी २०२४ ला आली. त्या दिवसाची वाट बघत लोकांनी जपानच्या गोदामांत गाड्या घेऊन ठेवल्या होत्या. द्राक्षाच्या बागेला पाऊस यायच्या आधी जशी सगळ्यांची घाई, तशी.

---

खडखडाट · २ मार्च, दुपारी १:५५

बिल गेट्सलाही चुकलं नाही म्हणे?

---

तिरका_टायर · २ मार्च, दुपारी २:१०

नाही चुकलं. पोर्श ९५९ मागवली आणि ती कित्येक वर्षं कस्टमच्या ताब्यात पडून राहिली. त्या प्रकरणातून पुढे "प्रदर्शनापुरती" सवलत आली, १९९९ पासून. दुर्मिळ आणि इतिहासात महत्त्वाची गाडी असेल तर आणा, पण वर्षाला २५०० मैलांच्या वर चालवायची नाही. पाने, एस१५ त्यात बसत नाही, प्रयत्न करू नका.

---

प्राचार्य_पंक्चर · २ मार्च, दुपारी ३:३०

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, गाडी पाहावी मागवून.

---

मीनल_के · २ मार्च, दुपारी ३:४१

लग्नावरून आठवलं, जपानी लिलावाचं शीट म्हणजे सरळ पत्रिका आहे. वर एक ग्रेड, खाली गाडीचं रेखाचित्र, त्यावर कुठे ओरखडा, कुठे पोचा, कुठे गंज याच्या खुणा.

---

प्राचार्य_पंक्चर · २ मार्च, दुपारी ३:५०

आणि ग्रेड "आर" म्हणजे मंगळ. मोठा अपघात होऊन दुरुस्ती झालेली. विकणारा म्हणणार, "सौम्य आहे हो, शांत करून घेतलाय."

---

अण्णा_दक्षिणेचे · २ मार्च, दुपारी ४:२०

हसा. पण पाने, ते शीट मूळ जपानीत मागवा आणि भाषांतर दुसऱ्याकडून करून घ्या. माझ्या बीटच्या शीटवर "खाली गंज" असं स्वच्छ लिहिलेलं होतं, भाषांतरात ते वाक्यच गळलं. गळलं की गाळलं हे देव जाणे.

---

यार्डातला_यशवंत · २ मार्च, रात्री ९:१५

आलो. आता मेहुण्याकडे वळू.

उजवं स्टिअरिंग हवं हे त्याचं बरोबर आहे. डावं स्टिअरिंग असेल तर भारतात आयात नाहीच. पण वापरलेल्या गाडीला दुसरी अट आहे: बनल्यापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नको. शिवाय पुढची किमान पाच वर्षं रस्त्यावर धावेल असं प्रमाणपत्र, जहाजात चढवण्याआधीच्या तपासणीचा कागद, आणि उतरवायची ती फक्त मुंबईच्या कस्टममधून. मग आपल्याकडच्या चाचणी संस्थेत तपासणी, पुण्याची एआरएआय किंवा नगरची व्हीआरडीई.

आता गंमत बघा. अमेरिका म्हणते पंचवीस वर्षं झाल्याशिवाय आणू नका. भारत म्हणतो तीन वर्षं झाली की आणू नका. पानेसाहेबांची गाडी अमेरिकेत ज्या दिवशी कायदेशीर होईल, त्या दिवशी ती भारतासाठी बावीस वर्षं उशिरा आलेली असेल. तीन ते पंचवीसच्या मधलं कुठलंही वय घ्या, दोन्ही दारं बंद. आमच्या यार्डात अशा फायली यायच्या. "साहेब, तिकडे एवढी वाट पाहून घेतली हो." काय सांगणार.

परत येणाऱ्यांना घरसामानावर ड्यूटीची सवलत असते. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन. गाडी त्यात नाही.

पैशाचं म्हणाल तर ४० हजार डॉलरवरची कोरी गाडी धरा. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर मूळ ड्यूटी ७० टक्के आणि कृषी उपकर ४०, झाले ११०. शंभराचे दोनशे दहा. त्या दोनशे दहावर ४० टक्के जीएसटी, म्हणजे दोनशे चौऱ्याण्णव. आरटीओचा रोड टॅक्स त्याच्याही वर. वापरलेल्या गाडीला ड्यूटी याहून चढी. आणि तुम्ही "मित्राकडून स्वस्तात घेतली" म्हणून बिल दाखवलंत तरी कस्टम ते धरत नाही. नवी असतानाची यादीकिंमत घेतात, त्यातून तिमाहीच्या हिशोबाने घसारा वजा करतात.

---

सुरक्षित_अंतर · २ मार्च, रात्री ९:४०

स्पोर्ट्स कारवर कृषी उपकर? म्हणजे फेरारी घेणारा शेतकऱ्यांसाठीच घेतो तर.

---

खडखडाट · २ मार्च, रात्री ९:४४

फेरारी म्हटलं की तेंडुलकर. त्याला ड्यूटी माफ झाली होती ना?

---

प्राचार्य_पंक्चर · २ मार्च, रात्री १०:०५

झाली आणि फिरलीही. २००२ मध्ये ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी झाली म्हणून फियाटकडून ३६० मोडेना भेट. ड्यूटी कोटीच्या वर जात होती. सरकारने माफ केली, लोक खवळले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. शेवटी ड्यूटी फियाटने भरली. २०११ मध्ये गाडी सुरतेला विकली गेली.

---

तिरका_टायर · २ मार्च, रात्री १०:१२

देशासाठी एवढं खेळला, माफ केली असती तर काय आभाळ कोसळलं असतं?

---

सुरक्षित_अंतर · २ मार्च, रात्री १०:१६

आभाळ कशाला कोसळेल? पण उद्या कबड्डीवाल्याने मागितली तर? त्याला कुणी फेरारी देत नाही हा भाग वेगळा.

---

धागापाल · २ मार्च, रात्री १०:५०

यापुढचे सोळा प्रतिसाद उडवले आहेत. धाग्याचा विषय गाडी आहे, सचिन नाही. त्यासाठी वेगळे धागे आहेत, आणि त्यांचं काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे.

---

मधुरा_मेलबर्न · ३ मार्च, पहाटे ४:३०

इकडची भर. एस१५ ऑस्ट्रेलियात निसानच्या शोरूममध्येच मिळायची, २००एसएक्स या नावाने. त्यामुळे तुमची स्वप्नसुंदरी इथे सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये दिसते, माफ करा. बाहेरून आणायची तर २०२१ पासून इथेही पंचवीस वर्षांचा नियम लागला. आणि आमचं खास भूत म्हणजे ॲस्बेस्टॉस. जुन्या गाडीच्या ब्रेक पॅडमध्ये, गॅस्केटमध्ये कणभर जरी सापडलं तरी सीमेवर अडवतात. लोक क्लच-ब्रेक आधीच बदलून आणतात.

---

धुक्यातला_दिवा (मिडलंड्स) · ३ मार्च, दुपारी १२:१५

ब्रिटन त्या मानाने सज्जन. दहा वर्षांवरची गाडी असेल तर वेगळी मान्यता-चाचणी नाही, एमओटी, म्हणजे इथली नेहमीची वार्षिक तपासणी, झाली की पुरे. मागे धुक्याचा लाल दिवा हवा आणि वेग मैलात दिसायला हवा. मी दिवा बसवला तीस पौंडात. आयडी त्यावरूनच घेतलाय.

---

वाचनमात्र_वसंत · ३ मार्च, दुपारी २:००

यशवंतराव, पण भारतात जपानी सुप्रा, स्कायलाइन फिरताना मी स्वतः पाहिल्यात. त्या आभाळातून पडल्या का?

---

यार्डातला_यशवंत · ३ मार्च, रात्री ८:४०

काही खऱ्या मार्गाने आल्यात, हे आधी सांगतो. निसानने जीटी-आर २०१६ अखेरीस इथे अधिकृत विकायला काढली होती. शिवाय २०१८-१९ पासून कंपन्यांना सोय आहे: युरोप-जपानची मान्यता असलेली उजव्या स्टिअरिंगची गाडी वर्षाला २५०० पर्यंत, इथली पूर्ण चाचणी न करता आणता येते. फोक्सवॅगनने २०२५ ला गोल्फ जीटीआय १५० नग आणले, ५३ लाखांना. पण ही सोय कंपनीला आहे, पानेसाहेबांना नाही.

दुसरा प्रकार कार्नेचा, म्हणजे गाडी तात्पुरती आणून परत नेण्याच्या हमीच्या कागदाचा. परदेशातून गाडीने जग फिरत येणाऱ्याला सहा महिने ड्यूटीशिवाय गाडी ठेवता येते, पण परत न्यावी लागते. आपल्याकडून जायचं तर चर्चगेटची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन तो कागद देते. काही लोकांनी अशा गाड्या आणल्या आणि "परत न्यायला विसरले". काही दूतावासांच्या नावावर आल्या. काही तुकडे करून "सुटे भाग" म्हणून आल्या आणि इकडे पुन्हा जोडल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये कोचीच्या कस्टमने भूतानमार्गे आलेल्या गाड्यांवर छापे घातले, "ऑपरेशन नुमखोर". नुमखोर म्हणजे तिकडच्या भाषेत वाहन. अशी गाडी तिसऱ्या-चौथ्या माणसाने भोळेपणाने घेतलेली असते, आरसी हातात असते, आणि तरी गाडी उचलून नेतात. म्हणून स्वस्तात दिसली तर आधी बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टमचा आयातीचा कागद मागा. विकणारा "फाईल दिल्लीत आहे" म्हणाला की चहा पिऊन उठा.

---

वाचनमात्र_वसंत · ३ मार्च, रात्री ९:०२

आणि मग जुन्या रोल्स-रॉइस, ब्युइक वगैरे?

---

यार्डातला_यशवंत · ३ मार्च, रात्री ९:२०

त्यातल्या बहुतेक संस्थानिकांच्या काळापासून इथेच आहेत. आयातीला कैक वर्षं १९५० पूर्वीच्याच गाड्यांना वाव होता. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमाने "व्हीए" अक्षरांची व्हिंटेज नंबरपाटी मिळते, पण ती रॅली-प्रदर्शनापुरती. रोज भाजी आणायला नाही.

---

फिरता_पाना · ५ मार्च, रात्री ११:१०

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, क्षमस्व. सचिनवर माझे तीन प्रतिसाद उडालेत, त्यामुळे जरा घुश्शात होतो.

अण्णांचं वाचून एजंटला थेट विचारलं: महिना चुकला आणि गाडी अडली तर खर्च कुणाचा? दोन दिवस शांत. मग उत्तर आलं, "जुलैत पाठवणे अधिक सोयीचे राहील." म्हणजे ठाऊक होतं लेकाला. एजंट बदलला. नवीन बाई चॅसी नंबरवरून निर्मितीचा महिना काढून देतात. गाडी एप्रिल २००१ ची निघाली, नोंदणी मे. जूनपर्यंत योकोहामाच्या गोदामात ठेवायची, भाडं माझं.

पत्रिकाही दुसऱ्याकडून वाचून घेतली. मंगळ नाही. साडेसाती आहे, मागच्या चाकाच्या कमानीत गंज.

पुण्याचा विषय संपला. मेहुण्याला यशवंतरावांचा हिशोब पाठवला, तो म्हणाला, "मग परत येऊ नका."

---

अण्णा_दक्षिणेचे · ६ मार्च, सकाळी ७:००

शाब्बास. आता बारीकसारीक. बोटीत चढवायच्या चोवीस तास आधी अमेरिकन कस्टमकडे आयएसएफ, म्हणजे येणाऱ्या मालाची आगाऊ माहिती जायला हवी. राहिली तर दंड ५ हजार डॉलरपर्यंत. मी ब्रोकरवर सोडलं होतं, तो म्हणाला "झालं", झालं नव्हतं. पावती मागा. गाडीचा तळ धुवून घ्या, माती चिकटलेली दिसली की शेतीखातं हरकत घेतं. ड्यूटी एरवी अडीच टक्के. २०२५ च्या वाहन-टॅरिफमधून पंचवीस वर्षांवरच्या गाड्या वगळल्यात, बाकीचं ब्रोकरला त्या आठवड्यात विचारा, रोज बदलतंय. आणि कॅलिफोर्नियात बदली घेऊ नका. तिथलं हवाखातं पंचवीस वर्षं मानत नाही. १९७५ पर्यंतच्या गाड्या सोडल्या तर प्रयोगशाळेत चाचणी करून घ्या म्हणतात. खर्चात दुसरी एस१५ येईल.

---

मीनल_के · ६ मार्च, सकाळी ८:१२

विमा आधी बघा. ऑनलाइन फॉर्म सतरा आकड्यांशिवाय पुढे सरकत नाही. जुन्या गाड्यांच्या खास कंपन्या ठरलेल्या किमतीवर विमा देतात, फोनवर बोलावं लागतं.

---

फिरता_पाना · ६ मार्च, सकाळी ८:३०

केला फोन. पहिला प्रश्न, "रोज चालवणार का?" मी "नाही" म्हणालो. मागून सौ. म्हणाली, "मी चालवणार."

---

नवा_भिडू_२६ · ९ मार्च, दुपारी १:१५

छान माहिती. मी सगळा धागा वाचला नाही, पण माझा भाऊ दुबईहून लँड क्रूझर घेऊन येतोय कायमचा. २०१६ ची आहे, डावं स्टिअरिंग. कोचीला उतरवली तर चालेल ना?

---

यार्डातला_यशवंत · ९ मार्च, दुपारी १:२०

धागा वाचा.